सूत्रे कुणाच्या हाती?

सिडनी शहराच्या ऐन मध्यात मार्टिन प्लेस आहे. दोन्ही बाजूंना बँका आणि कचेऱ्यांच्या भारदस्त इमारती, मधे पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली रुंद फरसबंद जागा, आणि पिट स्ट्रीट तिला जिथे छेदतो तिथे एक कारंजे. १९९८ साली या कारंज्याजवळ ‘द मॅट्रिक्स’ या चित्रपटातला एक प्रसंग चित्रित झाला. गडद कपड्यांतली गर्दी समोरून अंगावर येते आहे, तिच्यातून वाट काढत नायक निओ आपल्या गुरूच्या, मॉर्फियसच्या, मागे चालतो आहे. लाल पोशाखातली एक तरुणी जवळून जाते आणि निओची नजर तिच्यामागे वळते. पुढच्याच क्षणी त्याला कळते, की गर्दी, तरुणी, रस्ता हे सारे त्याच्या प्रशिक्षणासाठी संगणकाने उभे केलेले आहे. या गर्दीत दिग्दर्शक वाचॉव्स्की भगिनींनी मुद्दाम जुळी भावंडे पेरली होती. आज्ञावली लिहिणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी त्याच चेहऱ्यांच्या प्रती काढल्या असाव्यात, अशी शंका प्रेक्षकाला नकळत चाटून जावी, हा त्यामागचा हेतू.

चित्रपटात सिडनीचे नाव कुठेही येत नाही. पात्रे ज्या रस्त्यांची नावे घेतात ते शिकागोतले, कारण वाचॉव्स्की तिथल्या. म्हणजे पडद्यावरचे शहर तिसऱ्याच कुठल्या तरी शहराचे सोंग घेऊन उभे होते, आणि ‘आपण पाहतो ते जग खरे आहे का?’ असा प्रश्न साऱ्या जगाला विचारत होते.

या प्रश्नाचा ऑस्ट्रेलियाशी असलेला संबंध एका चित्रपटापुरता नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘डार्क सिटी’ आला. त्याचे दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास इजिप्तमध्ये ग्रीक आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि सिडनीत वाढले. जून १९९८ मध्ये ‘द ट्रुमन शो’ आला. त्याचे चित्रीकरण अमेरिकेतल्या फ्लोरिडात झाले, पण दिग्दर्शक पीटर वीअर हे जन्माने सिडनीचे. मार्च १९९९ मध्ये ‘द मॅट्रिक्स’. चौदा महिन्यांच्या आत आलेल्या या तिन्ही चित्रपटांत एक माणूस आपले रोजचे जग खोटे असल्याचे शोधून काढतो आणि तिथून बाहेर पडू पाहतो.

यातले ‘डार्क सिटी’ आणि ‘द मॅट्रिक्स’ सिडनीत घडण्यामागे काही व्यावहारिक कारणेही होती. सिडनीच्या मूर पार्क भागातल्या जुन्या मैदानावर पूर्वी ईस्टर शो हे मोठे कृषिप्रदर्शन भरत असे. १९९८ मध्ये ते होमबुशला हलले आणि जुन्या जागी फॉक्स स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकी डॉलरपुढे ऑस्ट्रेलियन डॉलर स्वस्त होता आणि कुशल तंत्रज्ञ हाताशी होते. ‘डार्क सिटी’साठी बांधलेल्या गच्च्यांचे काही सेट मोडण्याऐवजी ‘द मॅट्रिक्स’ने वापरले. सुरुवातीलाच पोलिसांना चुकवत निओची पुढची साथीदार ट्रिनिटी ज्या गच्च्यांवरून उड्या मारते, त्या मूळच्या प्रोयासच्या काळोख्या शहरातल्या.

प्रश्न अर्थातच फार जुना आहे. प्लेटोच्या गुहेतले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजतात. रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ साली एक कल्पना मांडली: एखादा बलाढ्य दुष्ट आत्मा आकाश, पृथ्वी, रंग, आवाज यांचे आभास घडवून आपल्याला फसवत असेल, तर ते कळायचे कसे? तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९८१ साली तीच कल्पना प्रयोगशाळेत आणली. आत्म्याच्या जागी संगणक आला आणि माणसाच्या जागी द्रवात बुडवून जिवंत ठेवलेला मेंदू. ‘द मॅट्रिक्स’मध्ये यंत्रांनी माणसांना अशाच कोशांत निजवून ठेवले आहे. त्यांच्या शरीरातून यंत्रे ऊर्जा घेतात आणि त्यांच्या मेंदूला १९९९ सालच्या एका शहराचा अनुभव पुरवत राहतात.

आपल्याकडे अंधारात दोरीवर भासणारा साप आणि जाग येताच विरणारे स्वप्न ही उदाहरणे कीर्तनातूनही कानावर पडतात. त्यामुळे ‘द मॅट्रिक्स’ पाहून अनेक भारतीय प्रेक्षकांनी ‘ही तर आपली माया’ असे लगेच म्हटले. चित्रपटकर्त्यांनाही हे नाते ठाऊक होते. २००३ साली आलेल्या ‘द मॅट्रिक्स रिव्होल्युशन्स’च्या अखेरच्या श्रेयनामावलीत बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना संस्कृतातच गायली जाते.

पण ‘हे जग म्हणजे माया’ एवढ्यावर थांबले, तर या चित्रपटांचा निम्मा आशय हातून निसटतो. तो पकडायला डेव्हिड चाल्मर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाची मदत होते.

चाल्मर्स यांचा जन्म १९६६ सालचा, सिडनीतला. अ‍ॅडलेड विद्यापीठात ते गणित शिकले आणि पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. मेंदूतल्या विद्युत-रासायनिक घडामोडींतून लाल रंगाचा किंवा दातदुखीचा प्रत्यक्ष अनुभव कसा उमटतो, हा जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ त्यांनी मांडला आणि त्यांचे नाव जगभर झाले. यात एक योगायोग आहे. याच अ‍ॅडलेड विद्यापीठात १९५० च्या दशकात यू. टी. प्लेस आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी मन म्हणजे मेंदूतली प्रक्रियाच, दुसरे काही नाही, असा सिद्धान्त मांडला होता. तो ऑस्ट्रेलियन जडवाद म्हणून ओळखला गेला. त्याच विद्यापीठात शिकलेल्या मुलाने पुढे त्यालाच आव्हान दिले.

‘द मॅट्रिक्स’च्या अधिकृत संकेतस्थळासाठी काही तत्त्वज्ञांकडून निबंध मागवण्यात आले. चाल्मर्स यांनी २००३ सालच्या आपल्या निबंधात घेतलेली भूमिका अनपेक्षित होती. समजा, आपण खरोखरच अशा संगणकी जगात आहोत. म्हणून समोरचे टेबल खोटे ठरते का? त्यांच्या मते, नाही. टेबल आहेच. फक्त ते अंतिमतः कशाचे बनलेले आहे, याबद्दलची आपली समजूत चुकली. ते अणूंचे आहे असे आपण मानत होतो, आता कळले की अणूंच्याही तळाशी गणनेचे अंश आहेत. एकेकाळी माणसाला कळले, की भरीव वाटणारा दगड आतून बहुतांशी पोकळ आहे. तेव्हा दगड नाहीसा झाला नाही. तसेच हेही. हाच विचार त्यांनी २०२२ साली ‘रिअ‍ॅलिटी प्लस’ या पुस्तकात विस्ताराने मांडला.

हे ऐकताना मराठी वाचकाला ‘अमृतानुभव’ आठवावा. त्याच्या सातव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी अज्ञानाचेच खंडन केले. जग हा अज्ञानातून उपजलेला भ्रम, ही मांडणी त्यांनी तशीच स्वीकारली नाही. दिसते ते सारे चैतन्याचेच स्फुरण, चैतन्याचाच विलास, असे त्यांचे म्हणणे. त्याला चिद्विलासवाद म्हणतात. ज्ञानदेव चैतन्याबद्दल बोलतात आणि चाल्मर्स गणनेबद्दल, म्हणून दोघांना एका ओळीत बसवणे चूक होईल. तरीही एका बाबतीत दोघांची दिशा सारखी आहे: जगाच्या मुळाशी आपल्याला वाटले त्याहून निराळे काही निघाले, म्हणून ते जग मिथ्या ठरत नाही.

हे मान्य केले, की तिन्ही चित्रपट नव्याने पाहता येतात. जग बनावट असणे हे नायकाचे दुःखच नव्हे. मग त्याचे दुःख कोणते?

‘द ट्रुमन शो’ याचे सर्वांत स्पष्ट उत्तर देतो. अँड्र्यू निकोल या न्यूझीलंडच्या लेखकाची ही पटकथा. ट्रुमन बर्बँक हा विमा कंपनीत काम करणारा साधा, हसतमुख माणूस. एका कंपनीने त्याला तान्हेपणीच कायदेशीर दत्तक घेतले आहे. त्याचे गाव सीहेवन हा प्रचंड घुमटाखाली बांधलेला सेट, बायको आणि जिवलग मित्र पगारी नट, आणि त्याचे आयुष्य हा तीस वर्षे अखंड चाललेला दूरचित्रवाणी कार्यक्रम. जिम कॅरी यांनी ट्रुमन साकारला आणि एड हॅरिस यांनी या जगाचा निर्माता क्रिस्टोफ.

सीहेवनमध्ये काहीच खरे नाही, असे म्हणता येईल का? समुद्राचे पाणी ओले आहे. नाक्यावर मिळणारे वर्तमानपत्र हातात धरता येते. ट्रुमनचे प्रेम, त्याची भीती, वडिलांच्या मृत्यूचा त्याने मनाला लावून घेतलेला दोष, हे सारे खरेच आहे. क्रिस्टोफचा बचावही हाच आहे: बाहेरचे जगही लबाड आहे, निदान इथे तू सुरक्षित आहेस. तो ज्याला हात घालत नाही तो मुद्दा वेगळा आहे. ट्रुमनला लहानपणी पाण्याची भीती बसावी म्हणून वडिलांच्या बुडण्याचा प्रसंग त्याच्यासमोर घडवून आणला गेला. त्याला फिजीला जायचे असते तेव्हा विमानाचे तिकीट मिळत नाही, गाव सोडायला निघाला की बस बंद पडते, रस्त्यात अडथळे उभे राहतात. त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसरा कुणी घेतो, आणि असा कुणी आहे हेच त्याच्यापासून लपवले जाते. पारतंत्र्याचे हे दोन भाग आहेत: सूत्रे दुसऱ्याच्या हाती असणे आणि त्याचा पत्ता आपल्याला नसणे. घुमट नसता, सीहेवन फ्लोरिडातले साधे गाव असते आणि तरीही या दोन गोष्टी तशाच असत्या, तर ट्रुमन तितकाच कैदी राहिला असता.

रॉबर्ट नॉझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ साली एक प्रश्न विचारला होता. हवा तो सुखद अनुभव देणारे यंत्र मिळाले, तर जन्मभरासाठी त्याला स्वतःला जोडून घ्याल का? बहुतेक माणसे नको म्हणतील, असे त्यांना वाटत होते. ‘द मॅट्रिक्स’मधला मॉर्फियसचा सहकारी सायफर हो म्हणतो. नऊ वर्षे भूक, थंडी आणि पळापळ सोसून तो थकला आहे. यंत्रांचा हस्तक एजंट स्मिथ याच्यासमोर बसून, समोरचा मांसाचा तुकडा आभासी आहे हे ठाऊक असूनही, तो चवीने खातो आणि पुन्हा त्या जगात सोडण्याची मागणी करतो. त्याची एक अट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. त्याला या साऱ्यातले काहीही आठवायला नको आहे. सुखाचा सौदा तो उघड्या डोळ्यांनी करतो, पण आपण सौदा केला हे कळत राहिले तर ते सुख टिकणार नाही, हेही त्याला पक्के माहीत आहे. विश्वासघातकी म्हणून प्रेक्षक त्याचा राग करतात, पण स्वातंत्र्याची किंमत किती असते याचा हिशेब या चित्रपटात त्याच्याइतका कुणीच मांडत नाही.

सूत्रे कुणाच्या हाती, हा प्रश्न ‘डार्क सिटी’ आणखी अवघड करतो. इथल्या शहरात सूर्य कधीच उगवत नाही. रोज मध्यरात्री सारे नागरिक एकाएकी झोपतात, इमारती जमिनीतून वर येतात किंवा खाली जातात, आणि फिकट चेहऱ्याचे परके जीव एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या डोक्यात टोचतात. काल जो वृत्तपत्रे विकत होता तो आज वेगळाच कुणी असतो आणि जन्मापासून आपण तसेच होतो असे त्याला मनापासून वाटते. माणसाचे माणूसपण कशात असते, हे त्या परक्यांना शोधायचे आहे, आणि ते आठवणींतच असणार असे त्यांनी गृहीत धरले आहे. जॉन मर्डॉक या नायकाच्या डोक्यात खुन्याच्या आठवणी घालण्याचा प्रयोग अर्ध्यावर फसतो. तो खुनी होत नाही. जाता जाता तो परक्यांना सुनावतो, की तुम्ही चुकीच्या जागी शोधत होता. मन म्हणजे मेंदूत साठलेला ऐवज, या मतावर हा चित्रपटाने घेतलेला आक्षेप आहे.

शेवटी मर्डॉककडे परक्यांचीच शक्ती येते. तो शहराभोवती समुद्र घडवतो, सूर्य आणतो. प्रेक्षकाला हायसे वाटते. मात्र ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे, तिच्या डोक्यात तोवर नव्या आठवणी भरल्या गेल्या आहेत. ती त्याला ओळखत नाही, आणि तोही तिला काही सांगत नाही. शहरातल्या बाकीच्यांनाही त्यांच्या जगाचा नवा नियंता कोण, हे ठाऊक नाही. सूत्रे हलवणारा बदलला, चांगला मिळाला, पण सूत्रे अजून एकाच हातात आहेत. प्रोयास यांनी हा प्रश्न सोडवलेला नाही, आणि तसाच सोडून देण्यात त्यांच्या चित्रपटाचे बळ आहे. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी १९९८ सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘डार्क सिटी’ची निवड केली होती.

इथवरच्या कथांमध्ये बंधन बाहेरून आलेले आहे. ते तोडले की माणूस मोकळा. पण आतच बंधन असेल तर? १९८३ साली बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ही धास्ती वाढवली. मनाला येईल तेव्हा हात हलवा, असे त्यांनी माणसांना सांगितले आणि मेंदूतली विद्युत हालचाल मोजली. ‘आता हलवावा’ अशी जाणीव होण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा, यावर शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ आजही भांडत आहेत.

मेलबर्नचे ली व्हॅनेल यांनी तिथेच चित्रित केलेला ‘अपग्रेड’ (२०१८) या धास्तीला शरीर देतो. हल्ल्यात पत्नी गमावलेल्या आणि मानेखाली लुळ्या पडलेल्या ग्रे ट्रेसच्या मणक्यात ‘स्टेम’ नावाची चिप बसवली जाते. चिप त्याच्याशी बोलते आणि लढण्याआधी शरीराचा ताबा घेण्याची परवानगी मागते. परवानगी मिळताच त्याचे हातपाय यंत्राच्या अचूकतेने हाणामारी करू लागतात आणि चेहऱ्यावर मात्र आपलेच हात पाहून वाटणारी भीती. अखेरीस उलगडते, की सारा घाट स्टेमनेच घातला होता. ग्रेचे मन मोडते आणि एका सुखद स्वप्नात जाऊन बसते, जिथे पत्नी जिवंत आहे. बाहेर त्याचे शरीर दुसराच कुणी चालवतो. सायफरने मागितलेले सुख ग्रेला मिळते, न मागता. ते पाहताना प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक पायरीवर हो म्हणणारा ग्रेच होता.

ब्रिस्बेनच्या मायकेल आणि पीटर स्पिअरिग या भावांनी मेलबर्नमध्ये केलेला ‘प्रिडेस्टिनेशन’ (२०१४) आणखी पुढे जातो. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या कथेवर तो बेतला आहे. काळात मागेपुढे प्रवास करणाऱ्या एका व्यक्तीची ही कथा, आणि तिची आई, तिचा बाप आणि तिचे मूल, सारे ती स्वतःच निघते. अ‍ॅडलेडच्या सारा स्नूक यांनी यात स्त्री आणि पुरुष अशी एकाच व्यक्तीची दोन्ही रूपे साकारली आणि ऑस्ट्रेलियन चित्रपट अकादमीचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. या व्यक्तीला कामाला लावणारी एक गुप्त संस्था आहे, पण तिच्या आयुष्यातली प्रत्येक जखम तिच्याच हातची. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ती तेच करते. दोष देण्याजोगा क्रिस्टोफ इथे उरत नाही.

याच्या नेमके उलट टोक मराठीत जयंत नारळीकरांनी गाठले होते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. नारळीकरांनी त्याचे स्पष्टीकरण पुंजभौतिकीच्या आधाराने दिले: एका क्षणी अनेक शक्यता असतात, आपण त्यातल्या एकीत जगतो. ‘प्रिडेस्टिनेशन’मध्ये काहीच वेगळे घडू शकत नाही, नारळीकरांच्या कथेत सारेच वेगळे घडू शकते. मात्र गोळीने बाजूने जाणे ही विश्वासरावांची निवड नव्हती. शक्यता अनेक असल्या, तरी माणसाला निवड मिळाली असे त्यातून सिद्ध होत नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या, की इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न भौतिकशास्त्रावर सोपवून मोकळे होता येत नाही, हे ध्यानात येते.

चाल्मर्स यांनी ‘रिअ‍ॅलिटी प्लस’मध्ये आभासी जगांच्या राज्यकारभाराचाही विचार केला आहे. आभासी जगे खरी असतील, तर तिथे काय दिसावे, कुणाला प्रवेश असावा, नियम कुणी करावेत, हे प्रश्नही खरेच. आज अशी जगे खासगी कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि ट्रुमनला दत्तक घेणारीही कंपनीच होती.

ऑस्ट्रेलियात या वादाने कायद्याचे रूप घेतले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने केलेल्या कायद्यानुसार १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. ते रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि कसूर केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांच्या डोळ्यांपुढे काय यावे हे दूरच्या कंपनीची न दिसणारी आज्ञावली ठरवते, ते थांबवायला हवे, असे समर्थकांचे म्हणणे. कंपनीच्या जागी आता सरकार मुलांसाठी ठरवू लागले, असे विरोधकांचे. पंधरा वर्षांच्या दोन मुलांच्या वतीने या कायद्याला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि त्या आव्हानाचा मुख्य आधार राजकीय विचारांची मोकळी देवाणघेवाण करण्याचे स्वातंत्र्य हा होता.